रजिस्टर आहे की! : एका वाचनालयाच्या नव्या सर्व्हरची आखणी

२०२४ च्या मार्चमध्ये कार्यवाह काकांचा फोन आला. "अरे, वाचनालयातला तो मोठा डबा फार हळू चालतोय. टॅली उघडेपर्यंत चहा पिऊन होतो." मार्चमध्ये अनुदानाचे कागद, हिशेबतपासणी आणि वार्षिक अहवाल एकदमच अंगावर येतात. कोकणातल्या एका तालुक्याच्या गावचं, शंभरी ओलांडलेलं हे वाचनालय. मी तिथल्या बालविभागात वाढलो आणि आता पुण्यात सर्व्हर सांभाळून पोट भरतो, त्यामुळे असल्या फोनला नाही म्हणायची सोय नाही. शनिवारी घाट उतरलो.

डबा म्हणजे दहा-अकरा वर्षांपूर्वी एका देणगीतून घेतलेला टॉवर सर्व्हर. आत चार डिस्क, हार्डवेअर कार्डावर रेड-५ मध्ये बांधलेल्या, म्हणजे चारांतली एक मेली तरी उरलेल्या तिघींवर डेटा शाबूत राहतो. पुढची जाळी काढली तर तिसऱ्या डिस्कचा दिवा नारिंगी. शिपाई भाऊंना विचारलं, हे कधीपासून? "गणपतीच्या आधीपासून पिपाणी वाजत होती. वाचकांनी तक्रार केली, म्हणून दुरुस्तीवाल्याला बोलावून बंद करून घेतली." त्याने बझर बंद केला होता, डिस्क मेलेली ती मेलेलीच. म्हणजे सात महिने सगळं वाचनालय उरलेल्या तीन डिस्कच्या भरवशावर होतं. त्यातली एक जरी गेली असती तरी काहीच उरलं नसतं.

अशा वेळी नवी डिस्क खोचून रिबिल्ड, म्हणजे मेलेल्या डिस्कचा माल तिच्यावर पुन्हा भरणं, सुरू करायचा मोह होतो. मी तो टाळला. रिबिल्ड करताना कार्ड उरलेल्या तिन्ही डिस्कचा कोपरान् कोपरा वाचतं. साध्या डिस्कच्या कागदावर लिहिलेलं असतं की १ वर १४ शून्यं एवढ्या बिटांमागे, म्हणजे साडेबारा टीबी वाचनामागे, एखादी जागा वाचता न येणं गृहीत धरा. हा झाला नव्या डिस्कचा कागद. दहा पावसाळे दमट हवेत काढलेल्या डिस्ककडून मी तेवढीही अपेक्षा ठेवली नाही. आधी सगळ्या फाइली दोन वेगवेगळ्या यूएसबी डिस्कवर उतरवल्या. रविवार त्यातच गेला. मग डब्याला हात न लावता कार्यकारिणीची बैठक मागितली.

बंद पडलं तर काय अडतं?

बैठकीत मी मशीनचं नाव काढलं नाही. दोनच गोष्टी विचारल्या. हे यंत्र किती दिवस बंद राहिलं तर चालेल? आणि कुठलं काम हरवलं तर ते पुन्हा करताच येणार नाही?

पहिल्याला ग्रंथपाल बाईंनी मान वर न करता उत्तर दिलं, "देवघेव ना? रजिस्टर आहे की." पावसाळ्यात दिवसदिवस लाइट नसते. तेव्हा बाई लाल रेघांच्या रजिस्टरात नोंदी करतात आणि नंतर संगणकावर चढवतात. दोन दिवस, वेळ पडली तर चार दिवसही काउंटर अडत नाही. मार्च सोडला तर टॅलीचंही तसंच. सीएंच्या ऑफिसात दर महिन्याला प्रत जाते.

दुसऱ्या प्रश्नावर मात्र खोली गप्प झाली. वाचनालयाकडे १८९० ते १९४० च्या दरम्यानची मराठी मासिकं आहेत, जुन्या आजीव सभासदांच्या घरांतून आलेली. लाकडाच्या लगद्याचा आम्लयुक्त कागद. पान उलटताना कोपरा बोटात राहतो. दोन निवृत्त शिक्षक रोज दुपारी त्यांचं स्कॅनिंग करतात आणि काही बाडं स्कॅन झाल्यावर सुती कापडात बांधून कायमची मिटवून ठेवली आहेत, कारण ती दुसऱ्यांदा उघडली तर त्यांचा भुगाच होईल. ही सगळी स्कॅनं टेबलाच्या खणात दोन यूएसबी डिस्कवर होती. दुसरी डिस्क ही पहिलीची प्रत आहे का, असं विचारल्यावर उत्तर आलं, "बहुतेक."

तिथेच आराखड्याची दिशा ठरली. मी नोकरीत ज्या सर्व्हरांची काळजी घेतो, ते दहा मिनिटं बंद पडले तरी बोंब होते. त्यांच्यातला हरवलेला डेटा मात्र बऱ्याचदा कुठून ना कुठून परत गोळा करता येतो. इथे नेमकं उलटं होतं. वाचनालयाला चार दिवसांची बंदी सोसेल, स्कॅन केलेलं एक पान हरवलेलं सोसणार नाही. तोवर आलेल्या दोन्ही कोटेशनांमध्ये बंदी टाळण्याचीच सामग्री भरलेली होती. दुहेरी पॉवर सप्लाय, मशीन बंद न करता बदलता येणारे पंखे, 'चार तासांत माणूस' अशी सेवा. ती सेवा आमच्या पिनकोडला लागूच नव्हती, हे बारीक अक्षरात होतं. बजेट सव्वादोन लाखांचं. त्यातला जास्तीत जास्त पैसा डेटा टिकवण्यावर घालायचा आणि बंदीचं काम रजिस्टरवर सोडायचं, असं ठरलं.

टीबी किती?

"आठ टीबीच्या चार डिस्क लागतील," असं मी म्हटल्यावर एका ज्येष्ठ विश्वस्तांनी दचकून विचारलं, "टीबी? कुणाला झाला?" हसणं थांबल्यावर हिशेब मांडला.

डेमी आकाराचं पान साडेपाच बाय साडेआठ इंच. ४०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ४०० बिंदू धरून, ते २,२०० × ३,४०० बिंदूंचं होतं. रंगीत स्कॅनमध्ये प्रत्येक बिंदूला ३ बाइट, म्हणजे एका पानाला जवळजवळ सव्वादोन कोटी बाइट, २२ एमबी. कोषाध्यक्षांनी रास्त शंका काढली, की मोबाइलमधला फोटो तर ३ एमबीचा असतो. पण जेपीजीमध्ये दाबलं की शिरोरेषेच्या कडेला मुंग्या येतात, आणि उद्या ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं संगणकाकडून ओळखून घेणं, करताना पुसट अनुस्वार कुठला आणि कागदावरचा डाग कुठला, हे त्या मुंग्यांमध्ये कळत नाही. म्हणून मूळ प्रत टिफमध्ये, काही न गाळता. वाचकांसाठी हलकी पीडीएफ वेगळी.

तोवर ४०,००० पानं झाली होती, म्हणजे ०.९ टीबी. दोघे गुरुजी मिळून दिवसाला ३०० पानं करतात. वर्षाचे २५० दिवस धरले तर ७५,००० पानं, १.७ टीबी. पाच वर्षांनी सगळं मिळून साडेनऊ टीबीच्या आत. टॅली, ग्रंथसूची, ठरावांच्या प्रती, व्याख्यानमालेचे फोटो हे सगळं एकत्र केलं तरी २०० जीबी भरत नव्हतं. याचा अर्थ आमच्याकडे दोन जातींचा डेटा होता. एक भला मोठा, एकदा लिहून क्वचितच वाचायचा. दुसरा चिमूटभर, पण दिवसभर सतत बदलणारा. दोघांना एकाच डिस्कसंचावर कोंबायचं नाही, हे तेव्हाच वहीत लिहून ठेवलं.

भाच्याचा क्लस्टर

काकांचा भाचा बंगळूरला आहे. त्याने फोनवर चांगला आराखडा सांगितला: तीन छोटी मशीनं, त्यांवर सेफ ही डेटा अनेक मशीनांवर वाटून ठेवणारी प्रणाली, एक पडलं तर दोन चालू. तंत्र म्हणून त्यात खोट नाही. पण सेफला किमान तीन मशीनं आणि वेगवान वेगळं नेटवर्क लागतं, तो सहसा प्रत्येक गोष्टीच्या तीन प्रती ठेवतो, म्हणजे घेतलेल्या जागेचा तिसरा हिस्साच हाती लागतो. आणि रात्री काही बिघडलं तर ते समजणारा माणूस गावात हवा. गावात शिपाई भाऊ आहेत. त्यांना फोनवरून सांगता येईल एवढंच आपण बांधायचं, ही माझी अट होती. भाच्याने ती मोकळेपणाने मान्य केली.

सगळं क्लाउडवर टाका, हीही सूचना आली. तिचं उत्तर तंत्रात नव्हतं, जमाखर्चात होतं. देणगी एकदाच येते. क्लाउडचं भाडं दर महिन्याला जातं. अनुदान हप्त्यांनी येतं आणि हप्ता कधी येईल ते सांगता येत नाही. जिचं वीजबिल भरतानाही मागेपुढे होतं, त्या संस्थेने आपल्या सर्वांत मौल्यवान ठेव्यावर मासिक भाडं लावून घेऊ नये, असं माझं मत पडलं आणि अजूनही तेच आहे.

मग व्हर्च्युअलायझेशन, म्हणजे एका मशीनच्या पोटात अनेक मशीनं चालवणं, तरी कशाला? मीही स्वतःला हे विचारलं, कारण एक साधा लिनक्स सर्व्हर सांभाळायला सोपा जातो. पण तीन बिऱ्हाडं एका खोलीत राहणार नव्हती. नवी ग्रंथसूची कोहा या मुक्त ग्रंथालय-प्रणालीवर जाणार होती. कोहा न्यूझीलंडच्या एका ग्रंथालयात २००० च्या जानेवारीत पहिल्यांदा चालू झाली, माओरी भाषेत त्या शब्दाचा अर्थ भेट, आणि तिला डेबियन लिनक्स मानवतो. टॅलीला विंडोज हवं. आणि जुनी देवघेव प्रणाली विंडोज सर्व्हर २००८ आर-२ वर अडकलेली, ज्याचा आधार कंपनीने १४ जानेवारी २०२० लाच काढून घेतला होता.

त्या प्रणालीचं दुखणं आपल्याकडच्या खूप संस्थांना माहीत असेल. तिच्यातल्या ३०,००० नोंदी युनिकोडपूर्व मराठी फाँटमध्ये टंकलेल्या. फाँट असेल तर 'श्यामची आई' दिसतं, नसेल तर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा. रूपांतरक चालवला की नव्वद टक्के काम होतं, उरलेल्यात रफार उडतात, पोटफोड्या 'ष'ची अदलाबदल होते आणि 'दुसऱ्या'चा 'दुसर्या' होतो. नोंद बरोबर उतरली की नाही, हे पडताळायला मूळ प्रणाली डोळ्यांसमोर चालू हवी. मरायला टेकलेल्या मशीनमधून ती उचलून दुसऱ्या मशीनच्या पोटात जिवंत ठेवायची, तर व्हर्च्युअल मशीनशिवाय, म्हणजे व्हीएमशिवाय, इलाज नव्हता.

कुठल्या हायपरव्हायजरवर, म्हणजे व्हीएम चालवणाऱ्या प्रणालीवर, हा निर्णय त्या दिवसांतल्या बातम्यांनी सोपा केला. ब्रॉडकॉमने नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हीएमवेअरचा ताबा घेतला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये ईएसएक्सआय या तिच्या हायपरव्हायजरची फुकट आवृत्ती बंद केली. (२०२५ च्या एप्रिलमध्ये ती परत आली खरी, पण तोवर आमचं सगळं बसून गेलं होतं.) मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्हीचा स्वतंत्र मोफत सर्व्हर २०१९ च्या आवृत्तीवर थांबलेला. व्हिएन्नाच्या कंपनीचं प्रॉक्समॉक्स डेबियनवर उभं आहे, आत लिनक्सचं स्वतःचं हायपरव्हायजर केव्हीएम आहे, आणि झेडएफएस, म्हणजे डिस्कवर फाइली मांडणारी प्रणाली, त्याच्या इन्स्टॉलरमध्येच येते. मला झेडएफएस हवंच होतं. ते प्रत्येक ब्लॉकची बेरीज लिहून ठेवतं आणि वाचताना ताडून पाहतं. जे पान पुढची वीस वर्षं कुणी उघडणार नाही, ते आतल्या आत सडलं तर कळणार कसं? महिन्यातून एकदा झेडएफएस स्वतःच सगळी पानं चाळतं. त्याला स्क्रब म्हणतात. वाळवीसाठी कपाटं उघडून बघण्यासारखंच ते.

चार डिस्क कशा बांधायच्या

इथे आठवडा गेला, आणि तो वाया गेला असं मला वाटत नाही.

चार डिस्क झेडएफएसमध्ये दोन तऱ्हांनी बांधता येत होत्या. दोन-दोनच्या आरसाजोड्या, म्हणजे मिरर. किंवा चारही मिळून रेडझेड-२. दोन्हीत हाती येणारी जागा निम्मीच. कारखान्याच्या हिशेबातली आठ टीबी संगणक १०२४ ने मोजतो तेव्हा ७.२८ भरते, म्हणून दोन डिस्कची १४.५. त्यात ८० टक्क्यांच्या वर भरायचं नाही असा दंडक घातला तर ११.६, कारखान्याच्या भाषेत पावणेतेरा टीबी. आमच्या साडेनऊला पुरून उरते.

आरशांच्या बाजूने मित्रांचा कौल होता. वेग जास्त, डिस्क बदलल्यावर भरणा लवकर, पुढे दोन डिस्क घालून जागा वाढवणं सोपं. सगळं खरं. पण आरशात एक डिस्क गेली की तिची जोडीदार ही एकमेव प्रत उरते. उरलेल्या तिघींपैकी नेमकी तीच गेली तर सगळं संपलं, म्हणजे दुसरा घाव तीनात एकदा प्राणघातक. रेडझेड-२ मध्ये कुठल्याही दोन गेल्या तरी चालतं.

पुण्यात ऑफिसात मी आरसेच बांधतो, कारण बदली डिस्क तासाभरात हाती येते. इथे डिस्क गेली हे कळणार, दुकानदार ती मागवणार, कुरिअर घाटातल्या दरडीसाठी थांबणार आणि भाऊ ती बसवणार. यात आठवडा सहज जातो. तो आठवडा दुसऱ्या घावाची जागा राखून काढायचा असेल तर रेडझेड-२. शिवाय पाचवी डिस्क आधीच घेऊन ठेवली. ती दुर्मीळ पुस्तकांच्या कपाटात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत बसलेली आहे.

आता 'दोन जातींचा डेटा' वाला मुद्दा. सगळं एकाच रेडझेडवर टाकून एसएसडीचे, म्हणजे न फिरणाऱ्या वेगवान डिस्कचे, पैसे वाचवावेत असं कोषाध्यक्षांना वाटत होतं. व्हर्च्युअल मशीनची डिस्क झेडएफएसमध्ये छोट्या ब्लॉकांत ठेवली जाते. समजा ८ केचा, म्हणजे ८ किलोबाइटचा ब्लॉक. डिस्कचं सेक्टर ४ केचं, म्हणजे दोन सेक्टर माल. रेडझेड-२ त्यावर दोन सेक्टर पॅरिटी, म्हणजे गेलेला माल परत काढण्यासाठीचा हिशेब, घालतं, झाले चार. पण त्याची जागावाटपाची पद्धत अशी की एकूण सेक्टर तीनच्या पटीत हवेत, म्हणून सहा. ८ के ठेवायला २४ के जागा. निम्मी जागा मिळेल म्हणून घेतलं आणि पदरात तिसरा हिस्साच पडला, असं होतं. १६ केचा ब्लॉक घेतला तर नऊ सेक्टर, ३६ के. तरीही निम्म्याला पोहोचत नाही. स्कॅनसाठी १ एमबीचा रेकॉर्ड ठेवला की हा तोटा जवळजवळ शून्य. त्याच चार डिस्क, पण मालाप्रमाणे हिशेब एवढा बदलतो. त्यात फिरत्या डिस्कवर डेटाबेसची बारीक लिखाणं म्हणजे दळण दळायला ट्रक लावण्यासारखं.

म्हणून ९६० जीबीच्या दोन एसएसडी आरशात, त्यावरच प्रॉक्समॉक्स आणि सगळ्या व्हीएम. आणि चार मोठ्या डिस्क रेडझेड-२ मध्ये, फक्त स्कॅन आणि फाइलींसाठी. एसएसडी मात्र सर्व्हर दर्जाच्याच, ज्यांच्यात वीज गेल्यावर हातातलं लिखाण पुरं करण्यापुरते कपॅसिटर असतात. साध्या एसएसडीला डेटाबेसने 'नक्की लिहिलंस ना?' असं विचारलं की ती फार अडखळते. हार्डवेअर रेड कार्ड घेतलंच नाही. झेडएफएसला डिस्क थेट दिसायला हव्यात.

एका मित्राचा आग्रह होता की ट्रूनॅस ही साठवणुकीची तयार प्रणाली व्हीएममध्ये चालवून डिस्क कंट्रोलर तिला थेट द्यावा. छान पडदे मिळतात, खरं आहे. पण मग स्कॅन बघायला आधी होस्ट, म्हणजे मूळ मशीन, उठणार, मग ती व्हीएम उठणार, मग बाकीचे. जेवढे थर, तेवढे भाऊंना फोनवरून सांगायचे जिने. झेडएफएस होस्टवरच ठेवलं आणि फाइली वाटायला एक छोटा लिनक्स कंटेनर, म्हणजे व्हीएमचं हलकं भावंड, त्यात सांबा हे फाइली वाटणारं सॉफ्टवेअर. याची किंमत पुढे एकदा मोजावी लागली, ते येईलच.

खरेदीत एक गोष्ट आडवी आली. आलेल्या चारपैकी एक डिस्क वेगळ्या मॉडेलची निघाली, एसएमआर जातीची, म्हणजे कौलांसारखे ट्रॅक एकमेकांवर चढवलेली. अशा डिस्कवर भरणा करताना झेडएफएसची दमछाक होते. परत केली. बाकीच्या मुद्दाम दोन दुकानांतून घेतल्या, एकाच घाण्यातल्या सगळ्या एकदम फुटू नयेत म्हणून. मग पुण्यात माझ्या घरी चारेक दिवस प्रत्येक डिस्क आरपार लिहून-वाचून घेतली. बायको म्हणाली, गिरणी आहे घरात.

आतली बिऱ्हाडं

मेमरी ६४ जीबी, ईसीसी, म्हणजे स्वतःच्या बारीक चुका दुरुस्त करणारी. कोहाला ८, टॅलीच्या विंडोजला ८, जुन्या विंडोजला ४, सांबाच्या कंटेनरला २, होस्टला ४, आणि झेडएफएसच्या कॅशला १६ ची मर्यादा. बेरीज ४२. प्रॉक्समॉक्स ८.१ पासून नव्या इन्स्टॉलेशनमध्ये कॅशला मेमरीच्या १० टक्केच देतो, म्हणजे इथे ६; स्कॅनची सूची चाळताना ते कमी पडत होतं म्हणून वाढवलं. प्रोसेसर सहा कोअरचा. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही, तो बसून असतो.

जुन्या मशीनची बिदाई जरा रंगली. तिची प्रतिमा डिस्क-टू-व्हीएचडीने काढली, रूपांतरित केली, सुरू केली, आणि निळा पडदा, स्टॉप ७बी. विंडोजला नव्या जातीची डिस्क ओळखता येईना. आधी डिस्क आयडीई या जुन्या जातीची म्हणून लावायची, आत ड्रायव्हर घालायचा, मग बदलायची, हा जुनाच उपाय चालला. लायसन्स तेव्हा व्हॉल्यूमचं घेतलेलं होतं म्हणून बरं. मशीनसोबत येणारं ओईएम असतं तर ते त्या पत्र्याच्या डब्यालाच बांधलेलं राहिलं असतं. या व्हीएमला नेटवर्क कार्डच दिलेलं नाही. आधार संपलेलं विंडोज आहे, ते आजोबांसारखं आतल्या खोलीत बसेल आणि विचारलं तर सांगेल.

लाइट, पाणी, अर्थिंग

वाचनालयाला इन्व्हर्टर होताच, पण तो पंखे आणि ट्यूबसाठी. सर्व्हरला वेगळा ऑनलाइन यूपीएस घेतला, जो पंधरा मिनिटं ओढतो. 'नट' नावाची प्रणाली यूपीएसचं ऐकते. पाच मिनिटं लाइट आली नाही की आधी व्हीएम, मग होस्ट क्रमाने झोपवते. लाइट आल्यावर मशीन आपोआप उठतं, पण लगेच नाही, बॅटरी थोडी भरल्यावर. कोकणात वळवाच्या दिवसांत लाइट येते, जाते, पुन्हा येते, आणि दुसऱ्या जाण्यालाच यंत्रं मरतात.

वायरमनने न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज मोजलं, ते ११ निघालं. आवारात नवा खड्डा खणून कोळसा-मीठ घालून अर्थिंग केलं, मग ते दोनच्या आत आलं. सव्वादोन लाखांच्या आराखड्यातला माझ्या मते सर्वांत उपयोगी खर्च हाच, आणि तो मी आधी धरलाच नव्हता.

मशीन पहिल्या मजल्यावर, ही अट बाईंची. २२ जुलै २०२१ ला चिपळूणच्या बाजारपेठेत पुराचं पाणी भरलं, तिथल्या वाचनालयाची पुस्तकंही त्यात गेली. त्या वर्षानंतर आमच्याकडे तळमजल्यावर कुणी जुनं बाड ठेवत नाही, सर्व्हर तर नाहीच.

परत काढून बघितलं तेव्हा

दिवाळीच्या सुट्टीत सगळं बसवलं. दुसरी प्रत काकांच्या घरी, डोंगराच्या बाजूला: छोटं मशीन, आठ टीबीच्या दोन डिस्क आरशात. केबलवाल्याच्या फायबरचा अपलोड ४० एमबीपीएस भरला. १ टीबी चढवायला अडीच दिवसांच्या आसपास, म्हणून पहिली प्रत मशीन शेजारी ठेवून भरली आणि मग ते रिक्षाने घरी नेलं. रोज रात्री फक्त नवी पानं जातात. दिशा मुद्दाम उलटी ठेवली: काकांच्या घरचं मशीन येऊन घेऊन जातं, वाचनालयाच्या मशीनला तिथे लिहायचा अधिकार नाही. उद्या ऑफिसातल्या पीसीवर रॅन्समवेअर शिरलं तरी ते त्या प्रतीला हात लावू शकणार नाही. व्हीएमच्या प्रती प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हरवर कूटबद्ध होऊन जातात, कारण त्यात सभासदांचे पत्ते आणि हिशेब आहेत. किल्ली कागदावर छापून बँकेच्या लॉकरमध्ये, जमिनीच्या खरेदीखताशेजारी. तिसरी प्रत यूएसबी डिस्कवर, तीही तिथेच. दर तिमाहीला बदलते.

मग मी एक रविवार 'मशीन जळालं' असं धरून चाललो. कोहा चाळीस मिनिटांत उठली. टॅली उठलं. सांबाचा कंटेनर उठला आणि त्यातला 'कार्यालय' फोल्डर रिकामा. ठराव, पत्रव्यवहार, काही नाही. स्कॅनं होती, कारण ती वेगळ्या वाटेने जात होती. कंटेनरच्या बॅकअपमध्ये होस्टवरून जोडलेले फोल्डर, ज्यांना बाइंड माउंट म्हणतात, येतच नाहीत. मला हे माहीत होतं. माहीत असूनही स्कॅनचा डेटासेट रात्रीच्या यादीत घातला आणि शेजारचा घालायला विसरलो. बॅकअपचा रोजचा अहवाल हिरवाच येत होता. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या प्रोग्रामरांचे कोड सांभाळणाऱ्या कंपनीत एका अभियंत्याच्या हातून चालू डेटाबेस पुसला गेला, तेव्हा पाच तऱ्हांच्या प्रतींपैकी एकही धड कामाला आली नाही आणि सहा तासांपूर्वीच्या, सहज काढून ठेवलेल्या एका प्रतीवर निभावलं, हे मी नोकरीत नवख्यांना सांगत असतो. काकांसमोर ते सांगायची वेळ आली नाही, कारण मूळ फाइली जागेवरच होत्या. एक ओळ घातली, पुन्हा तालीम केली. आता ही तालीम वर्षातून दोनदा, संक्रांत आणि नारळी पौर्णिमेच्या आसपास. तारखा लक्षात राहत नाहीत, सण राहतात.

स्क्रबचीही वेळ बदलावी लागली. डेबियनमध्ये ठरलेलं असतं, दर महिन्याचा दुसरा रविवार, मध्यरात्री १२ वाजून २४ मिनिटं. आठ-दहा तास चाललं की रविवार सकाळ उजाडते, आणि रविवार सकाळी मुलं बालविभागात येतात. सोमवारी सुट्टी असते, तिथे सरकवलं.

प्रत्येक डिस्कच्या खणावर बाईंनी त्यांच्या वळणदार अक्षरात क्रमांक चिकटवलाय, पुस्तकाच्या पाठीवर दाखलअंक लावतात तसा; वहीत त्यापुढे सीरियल नंबर. २०२५ च्या ऑगस्टमध्ये पहाटे मला मेल आला, क्रमांक ३ वर वाचनाच्या चुका वाढतायत. भाऊंना फोन केला. त्यांनी कपाटातली पाचवी डिस्क काढली, तिचा नंबर दोनदा वाचून दाखवला, आणि विचारलं, "आधी पिपाणी बंद करू का?" पिपाणी वाजतच नव्हती, त्यांना जुनी आठवण होती. संध्याकाळपर्यंत भरणा पुरा झाला. त्या दिवशी देवघेव चालू होती, रजिस्टर बाहेर काढावं लागलं नाही. घाटात दरड होती आणि बदली डिस्कचं कुरिअर नवव्या दिवशी आलं.

जुनं विंडोज अजून आतल्या खोलीत बसून आहे. ३०,००० पैकी सुमारे १,१०० नोंदी राहिल्यात, सगळ्या रफाराच्या. एक गुरुजी दर सोमवारी पन्नासेक करतात, महिन्यातून एकदा स्क्रब चालू असताना.